१५७ मतांचा दाखला आणि विस्कॉन्सिनचा गव्हर्नर

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १८५५ च्या निवडणुकीत विजयी म्हणून जाहीर झालेल्या, शपथ घेऊन खुर्चीत बसलेल्या गव्हर्नरला तिथल्या सुप्रीम कोर्टाने उतरवलं, असं वाचलं. मोजणीच्या अधिकृत मंडळाने दाखला दिल्यावर कोर्ट त्याच्या मागे जाऊन पाहू शकतं का? आणि पाहू शकत असेल, तर दरवेळी का पाहत नाही?"

मी निवडणूक याचिकांचं काम करणारा वकील आहे, त्यामुळे या खटल्याकडे इतिहासापेक्षा कामकाज म्हणूनच जास्त पाहतो. थोडक्यात सांगायचं तर पाहू शकतं, कारण दाखला हा निवडून आल्याचा पुरावा आहे. निवडून आणतात ती मतं. दरवेळी का पाहत नाही, याचं कारण न्यायाधीशांच्या धैर्यात कमी आणि त्या त्या राज्यघटनेच्या एखाद्या कलमात जास्त सापडतं. पण नुसतं एवढं सांगून भागणार नाही, कारण या खटल्यातली खरी गंमत प्रक्रियेत आहे.

विस्कॉन्सिनला राज्याचा दर्जा मिळाला १८४८ मध्ये. सुरुवातीची वर्षं तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचा जोर होता. १८५३ च्या निवडणुकीत विल्यम बार्स्टो गव्हर्नर, म्हणजे राज्य सरकारचा प्रमुख, म्हणून निवडून आला. मूळचा कनेक्टिकटचा, पिठाची गिरणी चालवलेला, आधी राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य अधिकारी, राहिलेला. त्याच्या गोटाला विरोधक 'चाळीस चोर' म्हणत. सरकारी छपाईच्या कंत्राटाच्या वादात एक पत्र बाहेर आलं होतं. कंत्राट मिळवायला 'बार्स्टो आणि बाकीच्यांना' विकत घ्यावं लागेल, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. ते शब्द त्याला आयुष्यभर चिकटले. पण तो नुसता बदनाम पुढारी नव्हता. १८५५ मध्ये विधिमंडळाने केलेला दारूबंदीचा कायदा त्याने नाकारला, आणि बिअर हा ज्यांच्या घरगुती जेवणाचा भाग होता ते जर्मन स्थलांतरित त्याच्या मागे उभे राहिले. तिथल्या घटनेनुसार नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या गोऱ्या स्थलांतरितालाही मत होतं, तेव्हा हा पाठिंबा लहान नव्हता.

समोर होता कोल्स बॅशफर्ड. न्यूयॉर्कचा वकील, १८५० मध्ये ऑशकॉशला येऊन स्थायिक झालेला, राज्याच्या सिनेटचा सदस्य. पक्ष रिपब्लिकन, म्हणजे जेमतेम वर्षाचा. त्या पक्षाच्या पहिल्या सभांपैकी एक याच राज्यातल्या रिपन गावी १८५४ मध्ये झाली होती. गुलामगिरीचा विस्तार रोखणं हा त्या पक्षाचा मुख्य मुद्दा. मतदान झालं ६ नोव्हेंबर १८५५ रोजी.

आता मोजणी कशी होत असे ते पाहा, कारण चोरी तिथेच झाली. सरकारने छापलेली मतपत्रिका तेव्हा अमेरिकेत नव्हतीच. ती आली १८८० च्या दशकाच्या अखेरीस. पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापत, मतदार त्यातली एक पेटीत टाकत. मतदान केंद्रावरचे निरीक्षक मोजणी करून आकडे लिहीत, ते काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) मंडळाकडे जात, काउंटीचे आकडे राजधानी मॅडिसनला. तिथे तीन जणांचं राज्य मंडळ बेरीज करून दाखला देई: सेक्रेटरी ऑफ स्टेट अलेक्झांडर ग्रे, खजिनदार एडवर्ड जॅन्सन आणि अॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य सरकारी वकील, जॉर्ज स्मिथ. तिघेही डेमोक्रॅट, बार्स्टोच्याच पक्षाचे. या साखळीतला कच्चा दुवा मंडळ नव्हे. मंडळासमोर कागद येतो आणि मंडळ बेरीज करतं. कच्चा दुवा म्हणजे तो कागद जिथून निघतो ती जागा, आणि ती जागा कोणी डोळ्यांनी पाहिलेली नसेल तर मग काम अगदीच सोपं.

राज्याचा उत्तर भाग तेव्हा पाइनच्या जंगलांचा, लाकूडतोड्यांच्या तळांचा, विरळ वस्तीचा. डिसेंबरमध्ये मोजणी चालू असताना तिकडून 'पुरवणी' आकडे येऊ लागले. वॉपाका काउंटीतून आले, ब्रिज क्रीक, स्प्रिंग क्रीक, गिल्बर्ट्स मिल्स अशा ठिकाणांच्या नावाने आले, आणि सगळे बार्स्टोच्या बाजूने भरभरून. मंडळाने ते धरले. जाहीर झालेला निकाल: बार्स्टो ३६,३५५, बॅशफर्ड ३६,१९८. फरक १५७.

असले प्रकार त्या वर्षी एकट्या विस्कॉन्सिनमध्ये झाले असं नाही. कॅन्सस प्रदेशात मार्च १८५५ च्या निवडणुकीत नोंदलेले पात्र मतदार २,९०५ आणि पडलेली मतं सहा हजारांच्या वर होती. शेजारच्या मिसूरीतून टोळ्या येऊन मतं टाकून गेल्या. तिथे निदान हाडामांसाची माणसं तरी आली होती. विस्कॉन्सिनच्या जंगलात तेवढेही कष्ट कोणी घेतले नाहीत.

७ जानेवारी १८५६ ला मॅडिसनमध्ये दोन शपथविधी झाले. बार्स्टोचा लष्करी संचलनासह, वाजतगाजत. बॅशफर्डचा सुप्रीम कोर्टाच्या दालनात, गुपचूप म्हणावा इतका शांतपणे. त्याला शपथ दिली ती मुख्य न्यायाधीश एडवर्ड व्हाइटन यांनी. इथे मी दरवेळी थबकतो. ज्याचा दावा उद्या आपल्यासमोर चालणार, त्याला आदल्या दिवशी शपथ आपणच द्यायची, हे आज कोणत्याही कोर्टात खपणार नाही. समोरचा वकील पहिल्याच तारखेला न्यायाधीशांनी बाजूला व्हावं असा अर्ज देईल. व्हाइटन यांच्या निकालाबद्दल मला आदर आहे, पण ही गोष्ट त्यांनी दुसऱ्या कोणाकडून करवून घ्यायला हवी होती.

बॅशफर्डने वापरलेलं हत्यार जुनं इंग्लिश आहे: क्वो वॉरंटो, आपल्याकडे ज्याला अधिकारपृच्छेचा आदेश म्हणतात. तू या पदावर कोणत्या अधिकाराने बसला आहेस ते दाखव, एवढाच त्याचा प्रश्न. विस्कॉन्सिनच्या घटनेने हा आदेश काढण्याचा अधिकार सुप्रीम कोर्टाला स्पष्ट शब्दांत दिला होता. अडचण अशी की हा अर्ज राज्याच्या वतीने अॅटर्नी जनरलने करायचा, आणि जानेवारीत पदावर आलेला नवा अॅटर्नी जनरल विल्यम स्मिथ हाही डेमोक्रॅट. त्यामुळे खटल्याची सूत्रं त्याच्याकडे की बॅशफर्डच्या वकिलांकडे, यावरच आधी भांडण झालं. कोर्टाने बॅशफर्डच्या वकिलांना बाजूला पडू दिलं नाही. दिसायला ही किरकोळ बाब, पण सरकारी वकिलाच्या हाती लगाम राहिला असता तर हा खटला पहिल्या वळणावरच थांबवता आला असता.

दोन्हीकडे तगडे वकील होते. बॅशफर्डकडून टिमथी हाव, जेम्स नोल्टन, अलेक्झांडर रँडल आणि एडवर्ड रायन. हा रायन कट्टर डेमोक्रॅट, आणि तरीही आपल्याच पक्षाच्या गव्हर्नरविरुद्ध उभा राहिला. पुढे तो त्याच कोर्टाचा मुख्य न्यायाधीश झाला. बार्स्टोकडून जोनाथन अर्नोल्ड, हार्लो ऑर्टन आणि तरुण मॅथ्यू कारपेंटर.

बार्स्टोच्या वकिलांनी खोट्या मतांबद्दल बोलायचं टाळलं आणि सगळा भर अधिकारक्षेत्रावर दिला. शासनाची तीन अंगं समान दर्जाची आहेत. कार्यकारी अंगाचा प्रमुख कोण हे न्यायांगाने ठरवलं तर समानता कुठे राहिली? विधिमंडळ आपल्या सदस्यांबद्दल आपण ठरवतं, तसं गव्हर्नरपदाबद्दलही बाहेरच्याने बोलू नये. शिवाय कायद्याने मोजणीचं काम मंडळाला दिलं आहे, मंडळाने ते केलं आहे, विषय संपला. हा युक्तिवाद मुळीच हलका नव्हता. कारपेंटरच्या जागी मी असतो तर मीही हाच केला असता, कारण खरंखोटं तपासायला बसलं तर आपण हरणार हे माहीत असलेल्या पक्षकारासाठी दुसरा चांगला मार्ग नसतो. आजही एखादा प्रतिवादी वस्तुस्थितीवर चकार शब्द न काढता फक्त 'या कोर्टाला अधिकार नाही' एवढंच म्हणत राहिला, की अनुभवी माणूस मनात नोंद करून ठेवतो.

कोर्टात तीन न्यायाधीश: व्हाइटन, ऑरसेमस कोल आणि एब्रम स्मिथ. त्यांनी एकमताने दिलेलं उत्तर माझ्या शब्दांत सांगतो. गव्हर्नर काय करतो यात कोर्ट ढवळाढवळ करत नाही. गव्हर्नर कोण आहे एवढाच प्रश्न आहे. खरा गव्हर्नर हे कार्यकारी अंग. त्याच्या खुर्चीत दुसराच कोणी शिरला असेल तर त्याला हटवणं म्हणजे त्या अंगावर आक्रमण कसं? घटनेने गव्हर्नर निवडण्याचा अधिकार मतदारांना दिला आहे, मंडळाला नाही. मंडळाचं काम बेरजेचं. त्याचा दाखला प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालेल, विरुद्ध पुरावा येईपर्यंत तोच धरला जाईल, पण तो शेवटचा शब्द नव्हे.

मग बार्स्टोने दाखल केलेली कैफियत, म्हणजे लेखी बचाव, तपासली गेली. तिचा सारांश एवढाच की मंडळाने मला दाखला दिला आहे. बॅशफर्डच्या बाजूने हरकत आली: हे खरं धरलं तरी तो बचाव होत नाही, कारण तुला जास्त मतं पडली असं तू कुठेच म्हणत नाहीस. कोर्टाने हरकत मान्य केली आणि बार्स्टोला वस्तुस्थितीवर उत्तर द्यायला मुदत दिली. सगळा खटला या एका वळणावर फिरला. आता 'मला जास्त मतं पडली' असं लिहून द्यायचं आणि मग ब्रिज क्रीकचे मतदार कोर्टात उभे करायचे, किंवा गप्प बसायचं. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात त्याने निषेध नोंदवला आणि त्याचे वकील खटल्यातून बाहेर पडले.

इथे व्हाइटन यांच्या कोर्टाने जे केलं त्याचं मला सर्वांत जास्त कौतुक आहे. प्रतिवादी हजर नाही म्हटल्यावर एकतर्फी निकाल देऊन मोकळं होता आलं असतं. पण हा काही दोन माणसांमधला पैशाचा दावा नव्हता. बार्स्टोने मैदान सोडलं म्हणून बॅशफर्ड आपोआप गव्हर्नर होत नाही. त्याचा स्वतःचा हक्क सिद्ध व्हायला हवा. कोर्टाने पुरावा घ्यायला लावला. उत्तरेकडच्या त्या केंद्रांची चौकशी झाली आणि निघालं असं की काही ठिकाणी मतदान केंद्रच नव्हतं, आकडे बनावट होते. ते वजा केल्यावर बॅशफर्ड १,००९ मतांनी पुढे होता.

माझ्याकडे येणारे पराभूत उमेदवार बहुधा मोठ्या कटाची कहाणी घेऊन येतात. मी त्यांना एकच विचारतो: कोणतं केंद्र, तिथे किती मतं, आणि तुमच्या प्रतिनिधीकडे कागद काय आहे? आपल्याकडे मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-सी मध्ये पडलेल्या मतांचा हिशेब लिहितो आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना देतो. ज्याने त्या प्रती जपून ठेवल्या त्याच्या याचिकेत जीव असतो, बाकीच्यांची कहाणी कहाणीच राहते. १८५५ च्या विस्कॉन्सिनमध्ये अशी प्रत हातात देण्याची सोय असती, तर कल्पित गावाची मतं मॅडिसनपर्यंत पोचणं फार कठीण गेलं असतं, कारण त्या गावातून प्रत कोणाकडेच आली नसती.

निकाल येण्याआधीच, २१ मार्चला, बार्स्टोने राजीनामा दिला. तोपर्यंत खुर्ची जिवंतपणी सोडणार नाही अशी त्याची भाषा होती. राजीनाम्यामागे डाव होता: गव्हर्नरची जागा रिकामी झाली की लेफ्टनंट गव्हर्नर तिथे येतो. तो होता आर्थर मॅकआर्थर, ग्लासगोत जन्मलेला डेमोक्रॅट. (दुसऱ्या महायुद्धातला जनरल डग्लस मॅकआर्थर त्याचा नातू.) आर्थर स्वतःच्या पदावर रीतसर निवडून आला होता, त्याच्या हक्काबद्दल वाद नव्हता. आता मी गव्हर्नर, बार्स्टोचा खटला संपला, असं त्याचं म्हणणं पडलं. कोर्टाने २४ मार्चला उत्तर दिलं: बार्स्टोला पद मिळालेलंच नव्हतं, मग त्याच्या राजीनाम्याने कोणती जागा रिकामी झाली? जे त्याचं नव्हतं ते तो मागे ठेवून कसा जाईल? गव्हर्नर बॅशफर्ड.

दुसऱ्या दिवशी बॅशफर्ड शेरीफला आणि आपल्या लोकांना घेऊन गव्हर्नरच्या कार्यालयात गेला. अंगातला कोट काढून टांगला आणि आपण कामावर रुजू व्हायला आलो असल्याचं सांगितलं. मॅकआर्थरने विचारलं, बळ वापरणार का? बॅशफर्ड म्हणाला, गरज पडेल असं वाटत नाही, पण पडलीच तर शेरीफ आहे. ही धमकी म्हणजे बळाचा वापरच झाला असं मॅकआर्थरने म्हटलं आणि तो निघून गेला. त्याची कारकीर्द चार दिवसांची. विधानसभेत काही काळ धुसफूस झाली, मग तिनेही नव्या गव्हर्नरला मान्यता दिली. लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून मॅकआर्थर मात्र पूर्ण मुदत राहिला, म्हणजे ज्याच्याशी हे सगळं झालं त्याच्याच सोबत.

बॅशफर्ड कोणी धुतल्या तांदळासारखा होता असं समजू नका. त्याच्याच कारकिर्दीत केंद्राने रेल्वेसाठी दिलेल्या जमिनींचं वाटप आलं, आणि ला क्रॉस अँड मिलवॉकी रेल्वेने, बायरन किलबर्न अध्यक्ष असताना, विधिमंडळच्या विधिमंडळ रोख्यांनी विकत घेतलं. १८५८ च्या चौकशीत बॅशफर्डच्या नावावर ५०,००० डॉलरचे रोखे निघाले. पुढे तो अॅरिझोना प्रदेशात गेला आणि तिथला पहिला अॅटर्नी जनरल झाला. बार्स्टो यादवी युद्धात विस्कॉन्सिनच्या तिसऱ्या घोडदळाचा कर्नल होता आणि १८६५ मध्ये वारला. मतं कोणाला पडली हे कोर्टाने अचूक सांगितलं. कोण बरा माणूस हे त्याला विचारलेलंच नव्हतं.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, की हे दरवेळी का होत नाही. त्यासाठी केंटकी पाहा, १८९९ सालचं. रिपब्लिकन विल्यम टेलरला १,९३,७१४ मतं आणि डेमोक्रॅट विल्यम गोबेलला १,९१,३३१. गंमत अशी की मोजणीवर देखरेख करणारं तीन जणांचं मंडळ गोबेलनेच आदल्या वर्षी कायदा करून घडवून आणलं होतं, आणि त्याच मंडळाने दोन विरुद्ध एक मताने दाखला टेलरला दिला. कारण तेच, विस्कॉन्सिनच्या कोर्टाने सांगितलेलं: आमचं काम आलेले आकडे जुळवणं, त्यांच्या मागे जाऊन न्यायनिवाडा करणं नव्हे. पण केंटकीच्या घटनेत एक वेगळं कलम होतं: गव्हर्नरच्या निवडणुकीचा वाद विधिमंडळ ठरवील. विधिमंडळात बहुमत डेमोक्रॅटांचं. चौकशी समितीची नावं चिठ्ठ्या टाकून काढली, तरी ती जवळजवळ सगळी डेमोक्रॅटांचीच निघाली. निकाल काय येणार हे केंटकीची राजधानी असलेल्या फ्रँकफर्ट शहरातल्या पोरासोरांनाही कळत होतं. डोंगराळ भागातून बंदुका घेतलेले टेलरचे समर्थक आगगाडीने राजधानीत उतरले. ३० जानेवारी १९०० ला विधिमंडळाकडे चालत जात असताना गोबेलवर गोळी झाडली गेली. टेलरने सैन्य बोलावलं. डेमोक्रॅट सदस्यांनी गोबेलला विजयी ठरवलं, त्याला बिछान्यावरच शपथ देण्यात आली, आणि ३ फेब्रुवारीला तो वारला. पदावर असताना खून झालेला अमेरिकेतला तो एकमेव गव्हर्नर.

टेलर कोर्टात गेला, थेट वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत. २१ मे १९०० ला उत्तर मिळालं: सार्वजनिक पद ही मालमत्ता नाही, राज्याच्या घटनेने हा वाद विधिमंडळाकडे सोपवला आहे, आम्ही त्यात पडणार नाही. न्यायमूर्ती हार्लन, स्वतः केंटकीचे, यांनी विरोधी मत लिहिलं. म्हणजे केंटकीच्या कोर्टांनी हात झटकले असं वाटतं खरं, पण त्यांच्यापुढे विस्कॉन्सिनसारखं मोकळं मैदानच नव्हतं.

आपल्याकडे तिसरीच रचना आहे, आणि विद्यार्थी तिथे नेहमी घोटाळतात. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय अधिकारपृच्छेचा आदेश काढू शकतं, पण 'मतं कमी पडली तरी निवडून आला' हा आक्षेप त्या मार्गाने सहसा चालत नाही. अनुच्छेद ३२९(ख) मुळे संसद आणि विधानसभेच्या निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेनेच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५२ च्या पोन्नुस्वामी निकालापासून हे पक्कं आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार ती निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करायची. आणि समोरच्याची निवड रद्द झाली म्हणजे आपण निवडून आलो असं होत नाही. त्याच कायद्याच्या कलम १०१ खाली आपल्याला ग्राह्य मतं जास्त पडली हे वेगळं सिद्ध करावं लागतं. बॅशफर्डकडून कोर्टाने नेमकं हेच करून घेतलं होतं. विस्कॉन्सिनला हा वाद संपवायला तीन महिने पुरले. आमच्याकडच्या किती याचिका सभागृहाची मुदत संपेपर्यंत रेंगाळतात, ते मुंबई किंवा नागपूरच्या कोणत्याही वकिलाला विचारा.

मूळ निकाल वाचणार असाल तर तो विस्कॉन्सिन रिपोर्ट्सच्या चौथ्या खंडात आहे आणि बराच लांब आहे. सुरुवातीचे युक्तिवाद सोडून थेट बार्स्टोच्या कैफियतीवर घेतलेल्या हरकतीचा निर्णय काढा, तो पूर्ण वाचा, आणि मग मागे येऊन कारपेंटरचा युक्तिवाद वाचा.